हाताशी आलेलं काम



या पदवीदानाच्या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये येऊन तुमच्यातल्या काही जणांशी बोलले. काय ऐकायला आवडेल, असं विचारलं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळे सांगतात, तुमची पॅशन शोधा. नाही सापडली तर काय करायचं, ते कुणीच सांगत नाही." बाकीचे हसले. तो हसला नाही. रात्र रात्र हाच विचार करत पडून राहिलेल्या मुलाचा चेहरा होता तो. आज मी त्याच्यासाठी बोलणार आहे.

आपल्या कोकणातल्याच एका मुलाची गोष्ट सांगते. दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. १८७५ साली सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून सोबत्यांबरोबर तो साताऱ्याला चालत गेला. शंभर मैलांहून जास्त अंतर, मध्ये सह्याद्रीचा घाट. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण झालेली लागत. त्याला ती झाली होती, पण अंगाने किरकोळ. समितीने नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि ठरवलं की हा सतराचा असणं शक्य नाही. परीक्षेला न बसताच परत फिरावं लागलं. मॅट्रिक व्हायला त्याला १८८१ उजाडलं, म्हणजे तेविसावं वर्ष. हा मुलगा धोंडो केशव कर्वे. पुढे ज्यांना महाराष्ट्र महर्षी म्हणू लागला ते.

आपण चरित्रं नेहमी शेवटाकडून वाचतो. शेवट ठाऊक असतो, म्हणून सुरुवातीपासूनच सगळं ठरलेलं होतं असं वाटतं. अण्णा कर्वे साताऱ्याहून परत निघाले तेव्हा स्त्रीशिक्षण हे आपलं जीवितकार्य आहे, असलं काहीही त्यांच्या मनात नव्हतं. नापास व्हायचीसुद्धा संधी न मिळालेला एक मुलगा घरी चालला होता, एवढंच.

पुढे ते गणित शिकले, मुंबईत शिकवू लागले. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. त्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, १८९३ साली लग्न केलं. मुरूडने वाळीत टाकलं. ज्या गावासाठी मुंबईत असताना पै-पै बाजूला काढून फंड उभारला, त्याच गावात सख्ख्या आईला मुलाजवळ बसायची चोरी झाली. सुरुवातीला विधवांची लग्नं व्हावीत म्हणून त्यांनी मंडळी काढली. काही वर्षांत ध्यानात आलं की नुसतं लग्न लावून भागत नाही, बाईला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रम. पुण्यात प्लेग आला, म्हणून १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला, एका झोपडीत.

त्या झोपडीपाशी जरा थांबा. दिवसभर कॉलेजात गणित शिकवून झालं की अण्णा चालत हिंगण्याला निघायचे. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. काटे, आणि पावसाळ्यात चिखल. आश्रमाला लागणारं सामान पुष्कळदा स्वतःच वाहून न्यायचे. तिथे पोचून मुलींना शिकवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पायपीट करून कॉलेज. असं एखाद-दोन दिवस नाही, दोनेक वर्षं. त्या चिखलातून जाताना हा माणूस आपल्या आयुष्याचा अर्थ शोधत असेल असं मला वाटत नाही. मुली वाट बघत असतील, हेच त्याच्या डोक्यात असणार.

आणि ज्या विद्यापीठासाठी त्यांचं नाव घेतलं जातं, त्याची कल्पना तर टपालाने आली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांना कुणीतरी पाठवली होती. ती त्यांनी चक्क बाजूला ठेवून दिली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषणाची तयारी करताना ती पुन्हा हाती लागली, आणि या वेळी डोक्यात शिरली. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न होतं. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झालं. १९२१ साली तिथून पहिल्या पदवीधर बाहेर पडल्या. किती? पाच. आज या मंडपात तुम्ही कितीतरी आहात. त्या पाच जणी मनात आणून बघा.

पुस्तिका तीच होती. आधी ती काही बोलली नाही, कारण वाचणाऱ्याची तयारी झाली नव्हती. तयारी त्या झोपडीपासून पुढची पंधरा वर्षं मुलींना शिकवण्यात झाली.

आता एक अवघड गोष्ट सांगते, ती झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. अण्णांनी आपला आयुष्याचा विमासुद्धा संस्थेच्या नावे केला. घरी मुलं होती. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, बाया कर्वे, यांना ते कसं पटावं? संसार रेटला त्यांनी, सुईणीचं शिक्षण घेतलं त्यांनी, आणि 'माझे पुराण' लिहून आपली बाजू मांडलीही त्यांनी. मला त्या पुस्तकाबद्दल फार कृतज्ञता वाटते. एका माणसाच्या ध्येयाचा खर्च कोण भरतं, हे विचारायची हिंमत तुमच्यात राहो. उद्या तुम्ही कुणी मोठं काम हाती घेतलंत, तर घरातल्या माणसाला त्या कामात बोलायचा हक्क द्या, नुसता सोसायचा नको.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीतच विधवा, पदरात लहान मुलगा. शिकायला सुरुवात केली ती त्यानंतर. हिंगण्याच्या आश्रमात आल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या. इंग्रजी येत नाही म्हणून काम अडतं हे जाणवलं, तर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ साली, एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं, आणि ते करता करता भाषा शिकल्या. सोवळ्यात वाढलेली एक बाई परक्या देशात परक्यांची भांडी घासते, आणि तिला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण हिंगण्याच्या मुली तिच्या डोळ्यांसमोर आहेत. मला त्यांच्याकडून जेवढं बळ मिळालं तेवढं क्वचितच कुणाकडून मिळालं असेल.

बळ लागलं होतं, म्हणून सांगते. मला गणितात संशोधन करायचं होतं. ते जमलं नाही. घरची परिस्थिती, वडिलांचं आजारपण, मिळाली ती नोकरी. या कॉलेजात रुजू झाले तेव्हा आपलं आयुष्य चुकीच्या स्टँडवर उतरलंय असंच वाटायचं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. शेवटच्या बाकावर, वही हाताने झाकून. मी जवळ गेले तर दुसरा हात बाकाखाली. ती बोटं मोजत होती. बारावी पास झालेली मुलगी, आणि अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ती कधी कुणाला त्रास द्यायची नाही. मी म्हटलं, शनिवारी दोन वाजता ये. भाकरी मधोमध मोडून आम्ही अर्धा, पाव, अष्टमांश केलं. छेद समान करायचे म्हणजे काय, हे ज्या क्षणी तिला उमगलं, तेव्हा ती काही बोलली नाही. बाकाखालचा हात वर आला आणि तिने खडू मागितला.

पुढच्या शनिवारी ती मैत्रिणीला घेऊन आली. त्याच्या पुढच्या शनिवारी सहा जण होते. संशोधन राहिल्याची खंत गेली असं मी खोटं सांगणार नाही. ती अजूनही आहे. पण शनिवार सकाळपासून मी घड्याळाकडे बघायला लागले, ते आजतागायत.

कॅन्टीनमधल्या मित्रा, तू इथे बसला असशील. तुला आज काही सापडलेलं नाही, यात तुझं काही चुकलेलं नाही. निवृत्त झाले तरी प्राचार्यांनी मला आठ नंबरची खोली वापरू दिली आहे. या शनिवारी दुपारी दोनला वर्ग आहे, आणि या वर्षी मुलं जास्त आहेत, मी एकटी पुरत नाही. ये. खडू मी आणते.