एका रविवारचं बीच क्लीनअप

आजचा भाग खास एनएसएसवाल्या पोरापोरींसाठी. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात आणि त्यातले काही बीच क्लीनअपमध्ये निघतात. बॅनर, ग्रुप फोटो, वडापाव, अंधेरीहून परतीची ट्रेन. यात मला काही वावगं वाटत नाही. ग्रेस मार्कांसाठी आलेल्याच्या हातूनही पिशवी निघतेच की. माझं म्हणणं वेगळं आहे.

वर्सोवा घ्या. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने ८४ वर्षांच्या शेजाऱ्यांना, हरबंश माथूर यांना, सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. दोघंच! पुढे कॉलेजची मुलं, कोळीवाड्यातले लोक असे शेकडोंनी येत गेले. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मार्च २०१८मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. बातम्यांत पुरस्कार आणि कासवं आली. मला मात्र मोठी गोष्ट वाटते ती दर आठवड्याला परत येण्याची.

कारण तिथला कचरा वर दिसतो तेवढा नसतोच. पिशवीचं एक टोक दिसतं, ओढायला जावं तर खाली जुनी साडी, दोरी, जाळ्याचा तुकडा, सगळं वाळूत गुंतलेलं. चौघं मिळून ओढतात तेव्हा कुठे निघतं. ओल्या वाळूने भरलेलं पोतं दोघांनाही उचलत नाही. आणि एवढं करून पुढच्या मोठ्या भरतीला नवा थर हजर!

हा थर फिरायला आलेल्यांनी टाकलेला नसतो, निदान बराचसा नसतो. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शॅम्पूची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या. चौपाटीवर शॅम्पू कोण लावतं? हे आपल्या मोऱ्यांतून, नाल्यांतून येतं. ओशिवरा नदी मालाडच्या खाडीला मिळते, खाडी वर्सोव्याला समुद्रात उघडते. म्हणजे गोरेगावात नाल्यात पडलेलं पाकीट आपोआप किनाऱ्यावर.

अजून एक. नोव्हेंबर २०१७मध्ये शाह यांनी मोहीम थांबवली होती. स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती आणि गोळा केलेला कचरा तसाच पडून राहत होता. नंतर ती पुन्हा सुरू झाली. पण ढीग उचलायला गाडीच आली नाही, तर भरती तो परत घेऊन जाते आणि तुमची सगळी सकाळ पाण्यात.

म्हणून तुमच्या प्रोग्राम ऑफिसरना आत्ताच दोन गोष्टी सांगा. चार वेगवेगळे बीच नकोत, एकच धरा, वर्षभर. आणि बॅनर छापायच्या आधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन गाडीची वेळ पक्की करा. ओहोटीची वेळ बघून निघा, जाड हातमोजे घ्या, बूट घाला, चपला नकोत. वाळूत काचा असतात.