औद्योगिक प्रदूषण आणि भोपाळचा धडा



विकसनशील देशांतील औद्योगिक प्रदूषण या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी सूचना संस्थेच्या चिटणीसांनी केली. विषय फार मोठा आहे. तेव्हा अनेक देशांची नावे घेत बसण्यापेक्षा एका शहराची हकिकत सांगावी आणि तिच्यातून आपण काय घ्यायचे ते पाहावे, असे मी ठरविले आहे. ते शहर म्हणजे भोपाळ.

१९७२ साली स्टॉकहोम येथे पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तेथे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी गरीब देशांची बाजू मांडली. दारिद्र्य आणि गरज हीच मोठी प्रदूषके नव्हेत काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ते खोटे नव्हते. ज्या देशात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे, त्याला शेत पिकवायचे असते आणि तरुणांच्या हाताला काम द्यायचे असते. म्हणून कारखाना आला की आपण हार घेऊन स्वागताला जातो. आत काय बनते, हे मात्र कोणी विचारीत नाही. दुखण्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

भोपाळचा कारखाना युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीच्या भारतीय शाखेचा. शेतीसाठी कीटकनाशक बनविणे हे त्याचे काम, म्हणजे हेतू चांगलाच. त्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट हे अतिविषारी रसायन १९८० पासून तेथेच तयार होऊ लागले. भिंतीपलीकडे जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प अशा गरिबांच्या दाट वस्त्या होत्या. हिंदू आणि मुसलमान तेथे शेजारी शेजारी राहत. कारखान्यात औषध बनते, एवढेच बहुतेकांना ठाऊक होते.

सूचना मिळालीच नव्हती असे नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूने कारखान्यातील एक कामगार दगावला. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने १९८२ साली आपल्या लहानशा साप्ताहिकातून शहरावरील धोक्याचा इशारा दिला. पण त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही. पुढे खर्चकपात सुरू झाली. रसायन थंड ठेवणारी यंत्रणा १९८४ मध्ये बंद करण्यात आली. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी शिरले, रसायन तापले आणि मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत राहणारा. लहान मुलांना त्याचा फटका अधिक बसला. झोपेतून उठलेली माणसे वाट फुटेल तिकडे धावली. कित्येकजण वायू जिकडे जात होता तिकडेच धावले आणि धाप लागून तो अधिकच छातीत ओढून घेते झाले.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. तोंडावर ओला फडका धरावा, न धावता वाऱ्याला आडवे चालत बाजूला व्हावे, एवढी दोन वाक्ये त्या वस्त्यांना आधी कोणी सांगितली असती, तर अनेक जीव वाचले असते. त्याला लाखो रुपयांचे यंत्र लागत नव्हते. हमीदिया इस्पितळात रुग्णांची रीघ लागली, पण वायू कोणता आणि त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांनाही धडपणे कळविले गेले नाही. भोपाळमध्ये लोक विषाने मेले हे खरे. पण त्यांच्यापासून माहिती दडविली गेली, हेही तितकेच खरे.

मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. तो पुढे वाढतच गेला. बाधितांची संख्या शासनाने २००६ साली ५,५८,१२५ अशी न्यायालयात सांगितली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१० साली सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. आवारातील ३३७ टन विषारी कचरा हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडावा लागला. दरम्यान आसपासच्या भूजलात विष उतरले होते.

याच कंपनीचा अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात असाच कारखाना होता. ऑगस्ट १९८५ मध्ये तेथेही गळती होऊन शंभरावर लोकांना इस्पितळात न्यावे लागले. १९८६ साली त्या देशाने कायदा केला की, कारखान्यात कोणती घातक रसायने आहेत हे जाणण्याचा शेजाऱ्यांना हक्क आहे. आपल्याकडेही १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक ठरले. १९८९ च्या नियमांनी आपत्तीच्या वेळी कारखान्याबाहेरच्या लोकांसाठी काय करायचे, याचा आराखडा तयार ठेवण्यास सांगितले. २००५ साली माहितीचा अधिकार मिळाला. म्हणजे भोपाळने आपल्या प्राणांचे मोल देऊन आपल्याला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळवून दिला. तो कागदावरच ठेवायचा काय?

आपल्या कोकणातही लोटे, महाड, रोहा येथे रसायनांचे कारखाने आहेत. आपली मुले तेथे नोकरीला लागावीत, असे आपल्याला वाटते आणि त्यात गैर काहीच नाही. कारखाने बंद करा, असे मी म्हणत नाही. चूल पेटलीच पाहिजे. पण चुलीत काय जळते हे घरच्यांना माहीत असावे. आपल्या वस्तीसाठी आपत्तीचा आराखडा आहे काय, भोंगा वाजला तर कोणत्या बाजूला जायचे, हे ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. एकट्याने विचारण्याचा संकोच वाटत असेल, तर दहा पालकांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी दोन नावे सांगतो. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या भोपाळमधील साध्या कामगार स्त्रिया. वायूने त्यांच्या घरांची वाताहत केली. दोघी एकत्र येऊन वर्षानुवर्षे लढल्या. २००४ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि त्या रकमेतून त्यांनी वायुपीडितांच्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, तुमच्याजवळ ती असेल. रसायनशास्त्र गुणांसाठी शिका, नोकरीसाठी शिका. पण पिंपावरचा धोक्याचा शिक्का आपल्या आईला वाचून दाखविता यावा, यासाठीही शिका.