घराचं नाक



चैत्र सरत आला की आमच्या खानदेशात घरोघरी एक काम निघतं. माळ्यावरचा कूलर उतरवायचा, टाकीला गंज चढलाय का ते पाहायचं आणि बाजूच्या ताट्यांत नवं गवत भरायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, धुळं त्यामानाने दोन पावलं मागे. घराविषयी बोलायचं तर आमच्याकडे सुरुवात उन्हापासूनच करावी लागते.

आमच्या आजोबांचं घर धुळ्यात पाचव्या गल्लीत होतं. धाब्याचं घर. सातपुड्याच्या सागवानाचे खांब, वर कड्या, त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. दुपारी आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधार यायचा, पण अंगाला गारवा लागायचा. दर पावसाळ्याआधी मात्र धाब्यावर माती टाकावी लागे, आणि तरी भाद्रपदात कुठेतरी पातेलं मांडावंच लागे. वडील त्याला कंटाळले होते. १९५८ साली त्यांनी पांझरेच्या पलीकडे, देवपुरात, सिमेंटच्या स्लॅबचं घर बांधलं.

वडील शाळामास्तर. त्यांनी घराचा अभ्यास परीक्षेसारखा केला. पुण्याचे इंजिनिअर आर. एस. देशपांडे यांनी १९३५ साली मध्यमवर्गीयांसाठी स्वस्त आणि आरोग्यदायी घरांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिलं होतं, १९३९ मध्ये आधुनिक आदर्श घरांवर आणखी एक. दुसरं पुस्तक वडिलांनी जुन्या बाजारातून मिळवलं होतं. त्याच्या समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तीस-चाळीसच्या दशकांत गोल कोपऱ्यांच्या, लांब छज्ज्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. तोच थाट रेल्वेने आमच्याकडेही पोचला. १९५१ पासून चंदीगड उभं राहू लागलं, तेव्हा तर ऊन अडवणाऱ्या सिमेंटच्या आडव्या-उभ्या पट्ट्या म्हणजे नव्या देशाची खूणच झाली.

आमच्या घरात त्यातलं थोडं थोडं सगळं आहे. पुढे गोल कोपऱ्याचा पोर्च, जिन्याला सिमेंटची जाळी, प्रत्येक खिडकीवर दोन फुटांचा छज्जा. साडेअकरा फूट उंचीच्या खोल्या आणि छताला लागून झरोके, ज्यांना आम्ही व्हेंटिलेटरच म्हणतो. खाली हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांची मोझॅक फरशी. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणात होतं, वडिलांना परमिटसाठी किती खेटे घालावे लागले ते ते शेवटपर्यंत मोजून सांगत.

आता माझी चूक सांगतो. २०११ साली मुलाचं लग्न ठरलं. पाहुणे येणार, घर ‘आजचं’ दिसायला हवं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने चकचकीत चित्रांचं पुस्तक उघडलं आणि आम्ही भुललो. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, तरी भुललो, हे आधी कबूल करतो. दिवाणखान्यात नऊ फुटांवर पीओपीचं खोटं छत आलं. लाकडी चौकटीच्या खिडक्या जाऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या आल्या. मोझॅकवर मोठ्या चकचकीत फरश्या बसवायच्या होत्या, पण पैसे संपले म्हणून ते राहिलं. गरिबी कधी कधी उपयोगी पडते ती अशी.

लग्न थाटात झालं. पुढचा मे उजाडला. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. ती दिवाणखान्यातच झोपायची. कूलर लावला की खोली थंड व्हायच्या ऐवजी ओली व्हायची, चादरीसुद्धा दमट. एका दुपारी आईला घेरी आली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, उष्माघात थोडक्यात टळला म्हणाले. संध्याकाळी डोळे उघडून ती छताकडे बघत अहिराणीत म्हणाली, “घरनं नाकच बुजी टाकं रे भाऊ.” घराचं नाकच बुजवलंस.

त्या वाक्यात सगळं विज्ञान होतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो आणि आत ढकलतो. ती जितकी आत येते तितकी बाहेर जायला वाट लागते, नाहीतर दमटपणा साचतो. तापलेली हवा वर चढते, म्हणून ती वाट छताजवळ असली तर उत्तम. आमचे झरोके त्याचसाठी होते आणि मी ते पीओपीच्या वर गाडून टाकले होते. सरकती खिडकी तर एका वेळी अर्धीच उघडते. जुन्या खिडकीची दोन्ही दारं सताड उघडायची.

त्याच सुमारास पुण्याहून धाकटा भाऊ आला. आईची अवस्था पाहून तो चिडला आणि चिडण्याच्या भरात मनातलं बोलला. “दादा, हे ठिगळं लावणं पुरे. पाडून टाकू. बिल्डर तयार आहे, तिघांना एकेक फ्लॅट मिळेल.” त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. घर तिघांचं आहे, आणि त्याला त्यातून काहीच मिळत नव्हतं. जळगावहून बहीण आली होती. तिच्या सासरचं असंच घर २००६ साली पाडून तिथे चार मजले झाले. ती एवढंच म्हणाली, “मला तिथे आता तुळस कुठे होती तेही सापडत नाही. माझी सही आत्ता नको.” शेवटी ठरलं, की आई आहे तोवर पाडायचं नाही आणि दुरुस्ती मी माझ्या पैशांनी करायची.

या वेळी चित्रांचं पुस्तक न बघता एक म्हातारे गवंडी शोधले. त्यांनी पहिल्या दिवशी कामच केलं नाही. हातोडीच्या दांड्याने भिंती वाजवत फिरले. स्वयंपाकघर मोठं करायला मधली भिंत काढायचा माझा बेत होता. ते म्हणाले, “मास्तर, ही चौदा इंची आहे, स्लॅब हिच्यावर बसलाय. हिला हात लावू नका.” लावला नाही. खोटं छत उतरलं, झरोके मोकळे झाले, त्यांना डासांची जाळी लागली. काढलेल्या सागवानी चौकटी सुदैवाने मागच्या पडवीत पडून होत्या, त्या पुन्हा बसल्या. मोझॅकवर घासायचं मशीन फिरलं, जाड दगडापासून बारीक दगडापर्यंत, मग ऑक्झॅलिक ॲसिडची पॉलिश. त्रेपन्न वर्षांचा मळ गेला आणि ठिपक्यांतला हिरवा रंग असा वर आला, की आईने चष्मा मागितला.

जुनं ते सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या जळगावच्या सराफ बाजारातसुद्धा जुनं सोनं घट वजा करूनच घेतात. लाकडी पट्टीवरची वायरिंग जीवघेणी झाली होती, अर्थिंग नव्हतंच. ती सगळी बदलली. नळाचे लोखंडी पाईप आतून बुजले होते. संडास परसात होता, तिथे रात्री आईला जाववत नसे. कोठीच्या खोलीचा अर्धा भाग घेऊन तिच्या खाटेपासून सहा पावलांवर नवा संडास केला, भिंतीला धरायला दांडी लावली. या एका कामाने घरात जो आनंद झाला, तो पोर्चच्या गोल कोपऱ्याने कधी झाला नव्हता.

आणि स्लॅब. वडिलांच्या घराचं खरं दुखणं तेच. दिवसभर तापतो आणि रात्री ते ऊन आपल्या अंगावर सोडतो. आजोबांच्या धाब्यावर मातीचा थर होता, इथे पाच इंचांचं काँक्रीट. गवंडीबुवांनी फुटका कोबा काढून नव्या विटांच्या तुकड्यांचा केला, पाण्याला उतार दिला आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवले. पांढरं ऊन परतवतं. रात्री पंख्याखाली झोप येऊ लागली. खर्च मात्र माझ्या अंदाजाच्या दीडपट झाला, हे भावाला मी अजून सांगितलेलं नाही. आता रेडिओवरून कळेल.

आई २०१६ च्या जानेवारीत गेली. वर्षश्राद्धाला भाऊ आला होता. जेवणं झाल्यावर तो उशी न घेता मोझॅकवर आडवा झाला, लहानपणी व्हायचा तसा, आणि पाच वाजेपर्यंत उठला नाही. उठल्यावर म्हणाला, “बिल्डरचा भाव वाढलाय.” मी चहा टाकला.

ठरल्याप्रमाणे आता मुदत संपलेली आहे. बहिणीने अजून सही केलेली नाही. मीही विषय काढत नाही. यंदा गच्चीवरचे थोडे तुकडे सुटलेत, ते पावसाआधी बसवायला हवेत. भावाला फोन केला, तर म्हणाला, रविवारी येतो, गवंड्याला सांगून ठेव. मग थोडं थांबून म्हणाला, कागदांची फाईलही आणतो.