द्राक्षमळ्यातले मजूर: एक उतारा कसा वाचावा

वाळूजच्या कारखान्यांशेजारी वसलेल्या बजाजनगरात रोजंदारी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून बायबलमधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला इथल्या वाचकाला लगेच भिडतो, आणि खटकतोही. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय 20. पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार. दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यालाही तेवढाच!

अर्थ लावण्याआधी मागचं पान उलटावं. 19व्या अध्यायाच्या शेवटी येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? दाखला त्या प्रश्नाला धरूनच येतो. अध्यायांचे आकडे 13व्या शतकातले. मूळ लेखनात मध्ये ही भिंत नव्हती.

मग काळ पाहावा. दीनार म्हणजे तेव्हाची दिवसभराची मजुरी, एका घराची चूल पेटवणारी. गरीब मजुराचे पैसे सूर्यास्तापूर्वी द्यावेत, असा नियम बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आहे. म्हणून मळ्याचा मालक संध्याकाळीच मजुरी वाटतो. आणि शेवटी आलेले आळशी नव्हते, त्यांना कुणी कामच दिलं नव्हतं. हे मजकुरात स्पष्ट आहे, पण घाईच्या वाचनात नेमकं तेच निसटतं.

दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचणंही फार उपयोगी. त्यातलं एक रमाबाईंचं घेता येईल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. कमी शिकलेल्या बायकांनाही ते स्वतः वाचता यावं, ही त्यांची तळमळ होती.