गोळीचा वेग आणि हेल्मेटमधलं थर्माकोल



गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाच्या मय्यतीला गेलो होतो. बारावीला मी त्याला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. कब्रस्तानातून परतताना जो तो म्हणत होता, "त्याची वेळ आली होती." तेव्हा मी गप्प राहिलो. आज बोलतो.

1742 मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक प्रयोग मांडला. टांगलेल्या जड लंबकावर बंदुकीची गोळी झाडायची आणि लंबक किती मागे झुलला ते मोजायचं. त्यावरून गोळीचा वेग काढता येतो. तत्त्व तुमच्या शाळेच्या पुस्तकातलंच, संवेग अक्षय्यतेचं. डोळ्यांना न दिसणारी गोळी अशी मोजमापात आली.

गोळी मोजता येते, तसा मारही मोजता येतो. मे 1935 मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला. 1941 मध्ये त्यांचा हेल्मेटवरचा लेख प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

हेल्मेट करतं काय? थांबायला अंतर देतं. डोकं दीड मीटरवरून रस्त्यावर आदळलं असं धरा. ते अर्ध्या सेंटीमीटरात थांबलं, तर 150 भागिले अर्धा, म्हणजे गुरुत्वाच्या सरासरी 300 पट धक्का. आतलं थर्माकोल अडीच सेंटीमीटर दबलं, तर 60 पट. पट्टा बांधलेला हवा, आयएसआय खूण हवी, आणि एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बदलायला हवं. दबलेलं थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

याने कुणाच्या ईमानाला धक्का लागत नाही. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतोच.

हा सगळा हिशेब गतीच्या तिसऱ्या समीकरणातून निघतो. त्या मुलाला ते तोंडपाठ होतं; त्यावरच्या उदाहरणाला मीच पूर्ण गुण दिले होते. पण ते समीकरण त्याच्या स्वतःच्या डोक्याविषयी आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगितलं.