भाकरी ताटात परतावयाची, तर...

अन्नव्यवस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्या तरुण संशोधकांना माझी एक विनंती आहे. आहार बदला, असे लोकांना सांगण्यापूर्वी तो का बदलला, हे घरोघरी जाऊन विचारा.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेली मालदांडी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा, असे दोघांचेही पोट ती भरते. तरीही अनेक घरांत भाकरीची जागा पोळीने घेतली. स्वस्त धान्य दुकानात दीर्घकाळ मुख्यतः गहू आणि तांदूळच मिळाला. ज्वारीची काढणी कष्टाची, आणि भाकरी थापण्याचा भार घरातील स्त्रीवरच. ही कारणे दूर केल्यावाचून नुसता उपदेश व्यर्थ आहे.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ते वर्ष सरले. प्रश्न उरला आहे. शेतकऱ्याला रास्त भाव, शिधापत्रिकेवर ज्वारी आणि परातीपाशी घरातील मुलगेही, एवढे आपण घडवू शकू काय? आपला प्रबंध ग्रंथालयात जाईल. त्याची परीक्षा मात्र चुलीपाशीच व्हावयाची आहे.