पिवळा दिवा लागला तर



आज गावोगावी बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा त्यांसारखी एखादी उंच, दणकट गाडी दिसते. कागदोपत्री तिला एस.यू.व्ही. म्हणतात, गावात ती सरसकट जीपच. हीच गाडी भाजीचे क्रेट बाजारात नेते, हीच वऱ्हाड नेते, आणि रात्री-अपरात्री कोणी अडले तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत हीच पोहोचवते. अशा गाडीच्या काट्यांजवळ एके दिवशी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि काही केल्या विझत नाही. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, "सेन्सर गेला." कोणी म्हणतो, "पंपाचं काम निघालं." तिसरा सांगतो, "बॅटरीची वायर काढून परत लाव, दिवा जातो." या तिन्ही सल्ल्यांत मालकाचा पैसा किंवा गाडीचे आयुष्य, काहीतरी एक वाया जाते. त्यापेक्षा बरा मार्ग कोणता, तेवढे आज आपण पाहू.

पहिल्याने हा दिवा लावतो कोण, ते समजून घ्या. नव्या गाडीत इंजिनावर देखरेख करणारा एक लहानसा संगणक असतो. हवा किती आत आली, डिझेलचा दाब किती, पाणी किती तापले, धूर कसा निघतो, हे सांगणारे सेन्सर त्याला जोडलेले असतात. एखादे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊन तसेच राहिले, म्हणजे संगणक एक अंक लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. गॅरेजात या अंकाला 'कोड' म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ही पद्धत एकाच साच्यात सक्तीची झाली. मूळ हेतू होता हवा स्वच्छ राखण्याचा. दुरुस्तीला त्याचा उपयोग झाला तो ओघाने. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा हे धुराचे नियम सर्वत्र आले, आणि तेव्हापासूनच्या गाड्यांत ही देखरेख अधिकच बारकाईने होते.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. कोड म्हणजे तक्रार-अर्ज आहे. अर्ज आला म्हणून पंच लगेच कोणाला दंड करीत नाहीत. आधी जागेवर जाऊन पाहतात. गाडीचेही तसेच करावे. कोड कोणत्या वाड्यात भांडण आहे ते सांगतो; दोषी कोण, हे आपणच शोधायचे असते.

दिव्यांचे रंग आधी ओळखा. तेलाच्या झारीचा लाल दिवा किंवा पाणी फार तापल्याचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. दोनचार दिवसांत तपासून घ्यावी. पण पेट्रोलच्या गाडीत हाच दिवा लुकलुकू लागला आणि इंजिन झटके देऊ लागले, तर पाय हलका करून लवकरात लवकर थांबावे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथली धूर शुद्ध करणारी जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, जाळून टाकते. ती जाळी फार महाग असते.

कोड वाचायचा कसा? स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वरच्या बाजूस, सोळा टोकांची एक खोबण असते. तीत वाचणारे यंत्र बसवून चावी फिरवली, की अंक दिसतात. मोबाईलला जोडणारी लहान यंत्रेही आता मिळतात. दिसेल ते प्रथम वहीत उतरून घ्या. दोष पकडला त्या वेळी इंजिनाचे फेरे किती होते, पाणी किती तापलेले होते, गाडीवर ओढ किती होती, याचीही नोंद संगणक कोडाबरोबर ठेवतो. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली, की हा पुरावा जातो आणि रोग मात्र तसाच राहतो. म्हणून लिहिण्यापूर्वी पुसू नये.

अंकाची घडण सोपी आहे. पहिले अक्षर 'पी' असेल तर गोष्ट इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची. 'सी' म्हणजे चासी, त्यात ब्रेकही आले. 'बी' म्हणजे बॉडी. आणि 'यू' म्हणजे गाडीतील निरनिराळ्या संगणकांचे आपसांतले बोलणे तुटले. त्यापुढचा आकडा शून्य असला, तर कोडाचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच. एक असला, तर त्या कंपनीचे पुस्तक पाहावे लागते. तिसऱ्या जागी शून्य, एक किंवा दोन आले, तर संशय हवा आणि इंधनावर. तीन आले तर ठिणगीवर आणि मिसिंगवर. चार आले तर धुराच्या बंदोबस्तावर. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात.

डिझेलच्या गाडीत नेहमी भेटणारा एक कोड आहे पी-००८७. त्याचा अर्थ, इंधनाच्या रेलमध्ये दाब कमी पडतो. गाडी चढावर ओढत नाही, कधी चालता चालता बंद पडते. हे ऐकताच पंप उतरवायची घाई होते. थांबा! आधी टाकीत डिझेल किती आहे ते पाहा. मग डिझेल फिल्टर किती दिवसांचा आहे ते आठवा. फिल्टरखाली पाणी काढण्याचा स्क्रू असेल तर इंजिन बंद ठेवून तो सैल करा आणि खाली साठलेले पाणी भांड्यात घ्या. शेतावर ड्रममध्ये ठेवलेले डिझेल वापरणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. त्यानंतर टाकीकडून येणारा पाईप कुठे चिरला आहे का, क्लॅम्प ढिला होऊन डिझेलमध्ये हवा शिरते का, ते पाहा. इतके करूनही दाब चढला नाही, तर जाणत्या मिस्त्रीकडून नोझलमधून परत येणारे डिझेल मोजून घ्यावे. सर्व नोझलना सारख्या बाटल्या लावतात. एका बाटलीत इतरांहून फारच जास्त डिझेल आले, तर त्या नोझलमधून दाब निसटतो आहे. पंपाचा नंबर या सगळ्यांनंतर.

इथे एक इशारा मनावर कोरून ठेवा. या इंजिनात डिझेलचा दाब सोळाशे बार आणि त्याहूनही वर जातो. ट्रॅक्टरच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या तो शेकडो पट आहे. इंजिन चालू असताना दाबाचा पाईप ढिला करू नये आणि गळती कुठे आहे ते हाताने चाचपू नये. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, फारशी दुखतही नाही. पण आतले मांस कुजू लागते आणि बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. असे झाले तर चोळत न बसता तत्काळ मोठ्या दवाखान्यात जावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दुसरा कोड पी-०२९९, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब अपुरा. घाटात गाडी दमते, काळा धूर टाकते, आणि काही वेळा संगणक स्वतःच ताकद कमी करून गाडी हळू चालवतो. यातही टर्बो बदलण्याआधी रबरी पाईप तपासा. टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या पाईपला चीर गेली, की सांध्याशी तेलकट ओल दिसते आणि ओढ पडताच फुसफुस ऐकू येते. एअर क्लीनर धुळीने भरला आहे का, तेही पाहा. एका क्लॅम्पने किंवा पाईपने जे काम भागते, त्यासाठी टर्बोचे बिल का भरावे?

भारत-सहाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. त्याला डी.पी.एफ. म्हणतात. गाडी रोज घर ते शेत एवढीच फिरली, तर काजळी जळण्याइतकी उष्णता कधी येतच नाही, फिल्टर तुंबतो आणि पी-२४६३ हा कोड येतो. फिल्टरचा सूचनेचा दिवा लागताच गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी; बहुधा पंधरा-वीस मिनिटांत काजळी जळून जाते. मधेच इंजिन बंद करू नये. आणि बरं का, त्या वेळी फिल्टरच्या आत सुमारे सहाशे अंश सेल्सिअस उष्णता असते. तेव्हा गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करणे म्हणजे आगीला आवतण देणे होय.

पेट्रोलच्या गाडीत पी-०३०१ पासून पी-०३०४ पर्यंतचे कोड कोणता सिलिंडर मिसिंग करतो ते सांगतात. समजा, पी-०३०३ आला. म्हणजे तक्रार तिसऱ्या सिलिंडरची. प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल असेल, तर इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवा. गाडी फिरवून पुन्हा कोड वाचा. आता पी-०३०२ आला, तर चोर सापडला, कॉइलच खराब. कोड तिसऱ्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष. पुढे प्लग, मग इंजेक्टर आणि शेवटी सिलिंडरचा कॉम्प्रेशन पाहावा. एका वेळी एकच गोष्ट हलवावी. दोन हलवल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पी-०१७१ या कोडावर सर्वांत जास्त पैसा फुकट जातो. त्याचा अर्थ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर हा हिशेब पाहत असतो. कोड येताच पुष्कळ ठिकाणी तोच सेन्सर बदलतात. चिठ्ठी वाईट आली म्हणून पोस्टमन बदलण्यासारखे हे झाले! संगणक पेट्रोल किती टक्के वाढवून देतो आहे, हा आकडा यंत्रावर दिसतो. तो दहाच्या पुढे टिकून राहिला तर शंका घ्यावी. इंजिन उभ्या उभ्या चालताना आकडा मोठा, आणि फेरे अडीच हजारांवर नेताच खाली येतो, तर एअर क्लीनरच्या पुढे कुठेतरी चिरलेल्या पाईपातून चोरवाटेने हवा शिरते आहे. उलट फेरे आणि ओढ वाढताच आकडाही वाढत गेला, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर पाहावा. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे काम होते.

कधी एकदम पाच-सात कोड येतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. अशा वेळी पी-०५६२, म्हणजे विजेचा दाब कमी, हा कोड त्यांत आहे का ते शोधा. बॅटरीची टर्मिनल पांढरी झाली असतील तर साफ करा, अर्थिंगची वायर घट्ट करा. चांगली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा. आणखी एक गावाकडची गोष्ट. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या कोठीजवळ उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. सेन्सर मेला असे वाटते, आणि मेलेली असते ती बोटभर वायर. बॉनेट उघडून विजेरीने पाहायला काहीच खर्च येत नाही.

सारांश काय? आधी कोड लिहा, मग डोळ्यांनी पाहा, मग मोजा, आणि नवा भाग घ्यायचा तो अगदी शेवटी. स्वस्त कारण प्रथम, महाग कारण मागून. मिस्त्रीलाही अदबीने विचारा, "कोड कोणता आला, आणि हाच भाग खराब हे कशावरून ठरवलं?" चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही, तो हाताला धरून दाखवतो. दुरुस्तीनंतर कोड पुसावा, गाडी रोजच्या वाटेने फिरवावी आणि पुन्हा वाचावा. तो परत आला नाही, तरच काम झाले म्हणायचे.

शिक्षकांना एक विनंती. विज्ञानाच्या तासाला मुलांना कधी एखाद्या गाडीपाशी न्या. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर घातली तर काय होईल, हे आधी विचारा, मग पाहू द्या. तर्क, पडताळा आणि निष्कर्ष हे धड्यातले शब्द त्यांना तिथे हाताने धरता येतील. त्यांतलाच एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या गावचा जाणता मिस्त्री होईल. मग रात्री दोन वाजता दवाखान्याची वाट धरलेली गाडी निम्म्या रस्त्यात बंद पडण्याची वेळ येणार नाही.